कलंकाची भीती पहिल्या भेटीपाशी संपत नाही

‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने नैराश्यग्रस्त माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचेच टाळतो, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा रास्त आहे. मात्र उपचार सुरू झाल्यावरही ती धास्ती पाठ सोडत नाही, हे त्यात जोडावेसे वाटते. नैराश्यावरील औषधांचा गुण जाणवायला साधारणतः २ ते ४ आठवडे लागतात, तर मळमळ किंवा झोपेतले बदल यांसारखे त्रास बहुधा त्याआधीच सुरू होतात. नेमक्या याच काळात, गोळ्यांचे पाकीट कपड्यांखाली लपवणारा आणि कोणी पाहिलेच तर ‘ॲसिडिटीची आहे’ असे सांगणारा माणूस आपला त्रास कोणापाशी बोलणार? तो परस्पर औषध सोडतो. बरे वाटू लागल्यावरही किमान ६ महिने औषध चालू ठेवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. पण तेव्हा ‘आता कशाला, सवय लागेल’ म्हणणारे हितचिंतकच (हे मात्र न बोलावता येतात) अधिक भेटतात. शिवाय स्वतःला नालायक ठरवणे हे या आजाराचेच एक लक्षण असल्यामुळे, समाजाचा ठपका रुग्णाला मनोमन आधीच पटलेला असतो. म्हणून ‘हिंमत करा आणि डॉक्टरांना भेटा’ एवढेच सांगणे मला अपुरे वाटते. सोबत जाणारे, औषधाची चौकशी उघडपणे करणारे एखादे तरी माणूस घरात असायला हवे.