मदत हवी आहे : फुकुशिमात काँक्रीट गेलं, सळ्या उभ्या कशा राहिल्या?

जपानमधल्या फुकुशिमा दाइइची या २०११मध्ये अपघात झालेल्या अणुवीजकेंद्रात, १ नंबर अणुभट्टीचं पात्र पेलणाऱ्या गोल भिंतीच्या आत मार्च २०२३मध्ये कॅमेरा गेला. भिंत सुमारे १.२ मीटर जाड. आतल्या बाजूचं काँक्रीट तळापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत नाहीसं झालेलं, त्यातल्या पोलादी सळ्या मात्र सरळ उभ्या. वितळलेलं इंधन २००० अंशांच्या पुढे असतं, मग सळ्या कशा टिकल्या? एम-३० (बांधकामातली एक नेहमीची प्रत) काँक्रीटचे ठोकळे १२०० अंशांच्या भट्टीत तापवून पडताळायचं आहे. काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद १
काँक्रीटला एकच वितळणबिंदू नसतो. १०० अंशांच्या आसपास मोकळं पाणी उडतं. ४५०च्या सुमारास सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पाणी सुटून चुनकळी उरते. ५७३ला वाळूतलं क्वार्ट्झ रूप बदलून फुगतं. चुनखडीची खडी असेल तर ७०० ते ९००मध्ये कार्बन डायऑक्साइड निघून तिचं ४४ टक्के वजन जातं. पुढे साधारण ११०० ते १४०० अंशांत मिश्रण पाघळतं. पोलाद वितळतं १५००च्या जवळ. म्हणजे मधल्या पट्ट्यात काँक्रीट ओघळेल आणि सळी राहील. फुकुशिमात असंच झालं का, यावर अजून एकमत नाही. पण २००० अंशांचा रस सळ्यांना थेट भिडला असता तर त्या अशा उरल्या नसत्या.

प्रतिसाद २
पद्धतीबद्दल: ठोकळा १० सेंमीचाच घ्या. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओला ठोकळा आतल्या वाफेने फुटून भट्टीची कॉइल तोडतो, म्हणून जाळीचा पिंजराही हवाच. मिनिटाला १ अंश चढवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) काँक्रीट ओततानाच मध्यभागी बसवा, कारण पृष्ठभागाचा आकडा फसवतो. खाली अॅल्युमिनाचा (उष्णता सोसणाऱ्या अॅल्युमिनियम ऑक्साइडचा) ट्रे आणि त्यावर अॅल्युमिनाची पूड, नाहीतर पाघळलेला रस भट्टीच्या तळाला चिकटेल.

धागाकर्ता
खडी इथलीच काळी चालेल का? ५०० अंशांना काढलेला ठोकळा अखंड दिसतो, चार दिवसांनी हाताने चुरा होतो.

प्रतिसाद २
चुरा होतो तो चुनकळीमुळे. हवेतला दमटपणा पिऊन ती विरते, फुगते आणि ठोकळा आतून फोडते. काढल्याबरोबर हवाबंद डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी दाबचाचणी करा. काही ठोकळे मुद्दाम पाण्यात टाका. अपघातात तापलेल्या काँक्रीटवर पाणी ओतलंच जातं, तेव्हा ही नोंद मोलाची. काळी खडी बेसाल्टची, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड जवळजवळ निघत नाही. चुनखडीशी तुलना करायची असेल तर दोन्हींत वाळू एकच ठेवा. ठोकळ्यात सळी घातली तर तीही वेगळी तोला. हवेत तापली की ती ऑक्साइडची जाड खपली धरते, ते वजन काँक्रीटच्या हिशेबात मिसळू देऊ नका.