ब्लेंड वाईन: जमवून आणलेली चव की उरल्यासुरल्याची खिचडी?

सोमरस्या
शनिवारी मित्राने फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाईनची बाटली उघडली. लेबलवर मळ्याचं नाव, गावाचं नाव, साल. द्राक्षाचा वाण कुठेच नाही. दुसऱ्याने लगेच निकाल दिला, "मिक्स माल आहे. अस्सल वाईन एकाच द्राक्षाची." तेव्हा तोंडात कबाब होता म्हणून गप्प बसलो, आता इथे भांडतो.

बोर्दोत मिसळायची पद्धत टिकली ती शेतकऱ्याच्या भीतीपोटी, असं माझं मत. अटलांटिकच्या बाजूचा पाऊस बेभरवशाचा. तिथल्या द्राक्षांपैकी मेर्लो लवकर फुटतो आणि लवकर पिकतो, कॅबरने सोव्हिन्यो आठवडा-दोन आठवडे मागून येतो. वसंतात दव गोठलं तर मेर्लोचे फुटवे करपतात. काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर कॅबरने सापडतो. १९८४ साली तर फुलोऱ्यातच मेर्लोची प्रचंड गळ झाली. ज्यांच्या बागेत भरपूर कॅबरने होता ते निभावले, मेर्लोवर विसंबलेल्या, बोर्दोतल्याच पोमरोल भागातल्या शेतकऱ्यांचे हाल झाले.

चवीचं गणितही जमतं. कॅबरने तुरट, ताठ, वर्षानुवर्षं टिकणारा. मेर्लो मऊ आणि गरदार. कॅबरने फ्रँ हा वेगळा वाण वास देतो, 'पती व्हर्दो' नावाचा वाण रंगापुरता चिमूटभर. आपण हापूसच्या रसात पायरी घालतो ती काय भेसळ असते?

कोकणी_खवय्या
असते! पायरीचा रस वेगळ्या वाटीत द्या, मी आनंदाने ओरपेन. हापूसमध्ये ओतलात की दोघांचीही ओळख गेली.

आणि घरच्या पातेल्यापाशी गोष्ट थांबत नाही. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरणारेही "चवीत फरक नाही हो" असंच सांगतात. तुमच्या बोर्दोचे व्यापारी एकोणिसाव्या शतकात काय करत होते? हलक्या सालच्या वाईनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली दणकट एरमिताज वाईन मिसळून इंग्रजांना विकत होते. त्या उद्योगासाठी फ्रेंचमध्ये खास क्रियापद होतं.

उलट फ्रान्सचाच बरगंडी भाग बघा. तांबडी म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दने, विषय संपला. एकच वाण असल्यामुळे शेजारच्या दोन तुकड्यांतल्या मातीचा फरक जिभेला कळतो. त्या तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. पाच वाण एकत्र केल्यावर कसली माती कळणार?

टाकीवाली
दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये सहा हंगाम काढलेत, म्हणून चार शब्द.

ब्लेंड म्हणजे सगळी द्राक्षं एका टाकीत ओतणं, असा समज दिसतोय. थालीपीठाची भाजणी आठवा. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरी आणि हरभरा एकाच वेळी भाजून होत नाहीत. तसंच प्रत्येक वाण त्याच्या दिवशी तोडायचा, वेगळ्या टाकीत आंबवायचा. काही महिन्यांनी नमुने काढून मोजपात्राने ७०:३०, ७५:२५, ८०:२० असे पेले बनवायचे, पेल्यांना नुसते नंबर द्यायचे आणि चाखायचं. दुसऱ्या दिवशी तेच पेले पुन्हा. काल जिंकलेला आज हरतो, हे नेहमीचं. दोन टक्क्यांनी पेला बदलतो आणि कधी वीस टक्क्यांनीही ढिम्म फरक पडत नाही. कागदावर बेरीज करून हे जमत नाही.

अपवाद आहेत. ऱ्होन खोऱ्यातल्या कोत-रोतीत तांबड्या सिराबरोबर (म्हणजे शिराझबरोबर) पांढरी व्हिओन्ये द्राक्षं एकत्रच आंबवतात, २० टक्क्यांपर्यंत चालते. पांढरं द्राक्ष घालून तांबडा रंग पक्का होतो, हे मला पहिल्यांदा ऐकून खोटंच वाटलं होतं.

आणि "उरल्यासुरल्याचं" म्हणाल तर उलट आहे. पसंत न पडलेल्या टाक्या मुख्य बाटलीत जातच नाहीत. बोर्दोतलं वाईनघर शातो लातूर (आपलं लातूर नव्हे!) त्या 'ले फोर द लातूर' या दुसऱ्या वाईनकडे वळवतं.

कोकणीदादा, एक वाईट बातमी. युरोपात लेबलवर एका वाणाचं नाव छापायला ८५ टक्के पुरतं, अमेरिकेत साधारण ७५. तुमच्या "शुद्ध" कॅबरनेत कोण कोण पाहुणे आहेत ते तपासा.

बडबडराव
त्यात कॅबरने सोव्हिन्यो स्वतःच कॅबरने फ्रँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ यांचं पोर. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी डीएनएवरून सिद्ध केलं. शुद्धतावाद्यांची विकेट.

कोकणी_खवय्या
बडबडराव, तो संकर झाला. रत्ना आंबा नीलम आणि हापूसचा, त्याला मी कधी भेसळ म्हटलंय का? झाडावर झालेलं वेगळं, पिंपात झालेलं वेगळं.

ताई, ८५ टक्क्यांचं माहीत नव्हतं. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो: टक्केवारी छापा ना बाटलीवर! आणि मिश्रणाच्या नावाने काय काय खपतं ते इटलीतल्या किआंती वाईनमध्ये बघा. १९६७ च्या नियमाने सांजोवेझे या तांबड्या द्राक्षात किमान १० टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं. पातळ पाणी झालं तिचं. शेवटी तिथलीच तिन्यानेल्लो वाईन बनवणाऱ्यांनी किआंती हे नावच सोडलं.

टाकीवाली
सोडलं, आणि पांढरी द्राक्षं काढून त्यांच्या जागी काय घातलं? कॅबरने. तीही मिश्रणच. :) सक्तीचं प्रमाण वाईट, यावर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. टक्केवारी छापण्यावरही.

सोमरस्या
तीच जोडी आपल्याकडेही आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची 'सेट्टे' सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्योची. उसाच्या मुलखात इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष!

कोकणी_खवय्या
प्यायलोय. बरी आहे. नुसती सांजोवेझे जास्त आवडली असती.

टाकीवाली
मग घरी करून बघा. एक साधी कॅबरने, एक साधी मेर्लो किंवा शिराझ. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं मापाचं झाकण घ्या. तीन पेले: नुसती कॅबरने, ८०:२०, ६०:४०. पेल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवायला वहिनींना सांगा, तुम्ही बघू नका. अर्ध्या तासाने चाखा आणि निकाल इथेच टाका.

कोकणी_खवय्या
रविवारी करतो. हरलो तर तुमची ब्लेंडची बाजू मान्य. आमरसाचं बोलायचं नाही.