चित्रकार ते कलोपचार: वस्तीत, वृद्धाश्रमात, वॉर्डात काम करणाऱ्यांनो, लिहा

रेघोटी: शेजारच्या पोरीची ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चाललीय. पोस्टर कलरचा तो वास आला आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा. जी.डी. आर्ट, एटीडी (चित्रकलेचे, कलाशिक्षकाचे डिप्लोमा) केलेले बरेच जण आता डे केअर, बालवाडी, मनोरुग्णालय इथे चित्रकलेची सत्रं घेतात. प्रत्येकाची पहिली अडचण एकच: समोरच्याची रेघ सुधारायला हात शिवशिवतो. परीक्षेचं प्रमाण, छायाप्रकाश, मार्जिन सगळं दाराबाहेर ठेवावं लागतं. लिहा, पण उपयोगी पडेल असं.

कोरा_कागद: खोडरबर देऊच नका. रबर असलं की अर्धा तास एकच नाक खोडत बसतात. पेन्सिलही नको, थेट ऑइल पेस्टल द्या. आणि पाव इम्पीरियल (साधारण १५ बाय ११ इंची) कागद मोठ्यांना अंगावर येतो. आधीच ताटली ठेवून एक वर्तुळ काढून ठेवायचं, म्हणजे कोरेपणाची भीती जाते. पातळ कागद नको, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा जाड घ्या, नाहीतर पाणी लागलं की भोक.

मिसळपाव_नको_भजी: रबर नको ला +१००. आमच्या ड्रॉइंगच्या सरांना कुणीतरी पाठवा हा धागा 😄

डेकेअर_ताई: स्मृतिभ्रंशाच्या आजी-आजोबांसाठी: ब्रश धुवायचं पाणी काचेच्या पेल्यात किंवा चहाच्या कपात कधीच ठेवायचं नाही. पितात. बुटका, रुंद, गडद रंगाचा डबा घ्या. कागद टेबलाला चारी कोपऱ्यांत चिकटवा. बोटं आखडलेली असतील तर ब्रशच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, पकड जाड होते. वेळ ३०–४० मिनिटं, त्यापुढे चिडचिड. "हे काय काढलंय, ओळखा पाहू" असलं विचारू नये, परीक्षा वाटते. "हा निळा कुठे लावू या?" एवढं पुरे.

रेघोटी: ताई, ट्यूबची आयडिया झकास! पंक्चरवाल्याकडे फुकट मिळेल.

वॉर्ड_नं_४: मनोरुग्णालयात आत जाताना आणि बाहेर येताना साहित्य मोजा. कात्री, कटर, काच, सुतळी, पिना नाहीत. कागद हाताने फाडून कोलाज होतं. दुसरं म्हणजे माध्यम माणसाची अवस्था बघून. पाण्याचे रंग वाहतात, ताबा सुटतो. आधीच विस्कटलेल्या माणसाला त्याने आणखी अस्वस्थ वाटू शकतं. तिथे स्केचपेन, आखलेली चौकट, कोलाज. उलट फार आवळून बसलेल्याला ओला कागद द्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात, पहिल्यात नाही. गट ६ ते ८ चा, सोबत एक सहकारी हवाच. कुणी उठून गेलं तर त्याच्यामागे कोण जाणार?

जुना_जेजे: चित्रकारांनी यात लुडबूड करू नये म्हणणाऱ्यांसाठी: एड्रियन हिल चित्रकारच. क्षयावर उपचार घेताना सॅनेटोरियममध्ये चित्रं काढत होता. 'आर्ट थेरपी' हे नाव त्याने १९४२ मध्ये दिलं. एडवर्ड अॅडमसन १९४६ पासून इंग्लंडात नेदर्न इस्पितळात. तोही चित्रकार. रुग्णांच्या चित्रांचे अर्थ लावत बसायचं नाही, ही त्याची पद्धत. काळा रंग म्हणजे नैराश्य वगैरे व्हॉट्सअॅपी ज्ञान कृपया आवरा. काळा खडू जवळ होता म्हणूनही घेतलेला असतो.

वॉर्ड_नं_४: काळ्या खडूबद्दल अगदी अगदी. पण नावाचं भान ठेवा दादा. दोन दिवसांचं वर्कशॉप करून 'थेरपिस्ट' पाटी लावू नये. 'कलासत्र' म्हणा, आणि गंभीर आजार असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

बालवाडी_ते_दहावी: मुलांसोबत काम असेल तर सुरुवातीलाच सांगा की इथलं बाहेर जाणार नाही, पण कुणाला इजा होत असेल तर सांगावं लागेल. चित्रातून किंवा बोलण्यातून लैंगिक अत्याचार समजला तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेत कुणाला सांगायचं ते आधीच ठरवा. स्वतः उलटतपासणी नको. मोठ्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून द्या. आणि चित्राचा फोटो फेसबुकवर? लेखी परवानगीशिवाय नाही. संस्थेला अहवालासाठी फोटो हवेच असतात, तिथे रंगलेल्या हातांचा द्या, चेहऱ्याचा नको.

शाडूवाला: मातीबद्दल कुणीच नाही? ५ किलो कोरड्या शाडूला साधारण सव्वा-दीड लिटर पाणी, एकदम नाही, शिंपडत. मळून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा. अंगठ्यापेक्षा जाड काही करू देऊ नका. आत ओल राहते, बाहेरचं आधी आकसतं, तडा जातो. कान-नाक चिकटवताना दोन्ही बाजूंना ओरखडे आणि पातळ मातीचा लेप, नाहीतर वाळल्यावर गळून पडतं. सावलीत वाळवा, पंख्याखाली नाही. ज्याचं घर आधीच मोडलंय त्याच्या हातातली मूर्ती मोडली तर तो पुढच्या वेळी यायचाच नाही, म्हणून एवढा खटाटोप.

डेकेअर_ताई: शाडू कुठून घेता दादा? गणपतीनंतर मिळत नाही.

शाडूवाला: पेणच्या कारखान्यांत विचारा, पोत्याने मिळते. हाताला भेगा असतील तर आजींना देऊ नका, फार कोरडे पडतात हात. नंतर खोबरेल.

मिसळपाव_नको_भजी: कॅमलच्या बाटलीचं झाकण उघडत नाहीये, उपाय सांगा 😭

कोरा_कागद: गरम पाण्यात उलटी धरा. पुढच्या वेळी बंद करण्याआधी बाटलीचं तोंड पुसा.

भिंतरंग्या: वस्तीतल्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून रंगवायचं असेल तर आधी ओल तपासा. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर ती भिंत सोडा, पापुद्रे निघणार. चुना असेल तर खरवडून, प्रायमर मारून मगच रंग. पांढरा एक्स्टिरियर इमल्शन (बाहेरच्या भिंतीचा रंग) आणि त्यात मिसळायच्या स्टेनरच्या (गडद रंगाच्या) बाटल्या घेतल्या की हवे ते रंग स्वस्तात होतात.

रेघोटी: टेप कुठली?

भिंतरंग्या: ब्राऊन चालते. मास्किंग नको, ओलीने सुटते.