जुन्या विधिमंडळाची दुरुस्ती चालू असताना सभागृह कुठे भरवायचं?

दगडी_कमान:
शंभरीपार दगडी इमारत, दीडशे सदस्य. वायरिंग, नळ, छप्पर सगळंच बदलायचं आहे, किमान चार वर्षांचं काम. पर्याय तीन: अर्धी इमारत बंद ठेवून उरलेल्या अर्ध्या भागात कामकाज चालवणं, परिषद केंद्र भाड्याने घेणं, किंवा अंगणात तात्पुरतं सभागृह उभारणं. जागा बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

चुना_आणि_शिसं:
पहिला पर्याय आधीच खोडून टाका. अशा इमारतींत पाणी, वीज, सांडपाणी तळघरातून उभ्या चरांमधून वर जातं आणि हे चर दोन्ही बाजूंना सामायिक असतात. अर्धी इमारत बंद केली म्हणून चर अर्धा बंद होत नाही. त्यात नळांवर ऍस्बेस्टॉसचं वेष्टण सापडलं की तो चर सील होतो आणि वरच्या चालू मजल्यांची वीज-हवा तुटते. शिवाय अधिवेशन भरलं की ड्रिलिंग थांबवावं लागतं, ते वेगळंच. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने 2016 मध्ये पूर्ण स्थलांतराची शिफारस केली ती उगाच नाही.

आता जागा. सगळे टेप घेऊन सभागृह मोजायला धावतात, पण आधी मोजायची ती घंटा. मतविभागणीची (सदस्यांनी प्रत्यक्ष येऊन मत नोंदवण्याची) घंटा वाजल्यापासून दारं बंद होईपर्यंत किती वेळ मिळतो? ब्रिटिश कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, 8 मिनिटं मिळतात. माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो, म्हणजे कागदावर पावणेसहाशे मीटर. त्यातून लिफ्टची वाट, सुरक्षा तपासणीची रांग, रस्ता ओलांडणं हे वजा करा. हाताशी उरतात तीनशे-साडेतीनशे मीटर. सदस्यांची कार्यालयं, समिती कक्ष आणि उपाहारगृह तेवढ्यात बसत नसतील, तर ते परिषद केंद्र कितीही देखणं असलं तरी सोडून द्या. घंटेची मुदत वाढवणं हा मार्ग आहे, पण तो नियमबदल जुन्या सभागृहात बसलेलं असतानाच मंजूर करून घ्यायला हवा. प्रत्येक कार्यालयात, जिन्यात, स्वच्छतागृहात घंटा ऐकू येते का, हेही स्वतः फिरून तपासावं लागतं.

निनाद:
वरच्या हिशोबात आवाजाची भर घालतो, कारण बहुतेक निवडी इथेच फसतात. भाषणासाठी निनादकाल, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, 0.8 ते 1.2 सेकंद हवा. काच, फरशी आणि उंच छत असलेल्या दालनात तो सहज दुप्पट होतो. मग दोन सदस्य एकाच वेळी बोलले की प्रतिवेदकांच्या (भाषणं शब्दशः टिपणाऱ्यांच्या) हाती नुसता गलका येतो. जाड गालिचा आणि मागच्या भिंतीला ध्वनिशोषक पॅनेल लावून बरंच सुधारतं. जागा स्वतःच वारसा वास्तू असेल तर गिलाव्यात खिळा चालत नाही, पॅनेल स्वतंत्र चौकटींवर उभी करावी लागतात. मोजणी वातानुकूलन पूर्ण चालू ठेवूनच करा. पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलच्या आत हवा.

दुभाष्यांकडे कृपया दुर्लक्ष करू नका. "आमच्याकडे बूथ (दुभाष्यांच्या बंदिस्त खोल्या) आहेत" असं सांगितलं जातं तेव्हा बहुधा ते घडीचे असतात. अशा घडीच्या बूथच्या आयएसओ 4043 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोघांसाठी किमान रुंदी 1.60 मीटर. कायम बूथच्या आयएसओ 2603 मध्ये हीच रुंदी 2.50 आणि खोली 2.40 मीटर आहे. दोन दिवसांच्या परिषदेला घडीचा बूथ चालतो. वर्षानुवर्षं रोज त्यात बसवलं तर हवा कोंडते, माणसं थकतात, भाषांतर घसरतं. बूथमधून अध्यक्षांचं आसन आणि बोलणारा सदस्य दोन्ही थेट दिसायला हवेत.

जमीन किती भार पेलते तेही बघा. हलत्या खुर्च्यांच्या सभागृहाला चौरस मीटरला सुमारे 500 किलो धरतात, सरकत्या रॅकांच्या ग्रंथालयाला हजार आणि त्याहून जास्त. म्हणून ग्रंथालय तळमजल्यावरच.

खांब_तुळई:
अंगणाचा पर्याय वाईट नाही, पण अंगण कोणाचं ते बघा. कॅनडाचं कॉमन्स सभागृह जानेवारी 2019 पासून वेस्ट ब्लॉकच्या अंगणात काचेच्या छपराखाली भरतं. ती शेजारची, आधीच दुरुस्त करून घेतलेली इमारत आहे. काम चालू आहे ते सेंटर ब्लॉकमध्ये. तिथलं वरिष्ठ सभागृह, सिनेट, तर 1912 च्या जुन्या रेल्वे स्थानकात गेलं. दुरुस्ती चाललेल्या इमारतीच्याच अंगणात बसलात तर डोक्यावरून क्रेन फिरते, दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ हवेच्या झडपांमधून आत येते, आणि सामान उतरवायला जागाच उरत नाही.

व्हिएन्नातली विभागणी मला पटते: 2017 मध्ये ऑस्ट्रियाच्या संसदेचं सभागृह हॉफबुर्ग राजवाड्याच्या दालनात नेलं आणि कार्यालयांसाठी बाहेर चौकात सुटे करता येणारे लाकडी मंडप उभारले. सभागृहाला उंची आणि खांबविरहित जागा लागते, कार्यालयांना लागत नाही.

दगडी_कमान:
आभार. भाडेकरार चार वर्षांचा पुरेल का?

चुना_आणि_शिसं:
नाही. व्हिएन्नात 2020 ला परतायचं ठरलं होतं, इमारत उघडली जानेवारी 2023 मध्ये. मे 1941 च्या बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश कॉमन्सचं दालन उद्ध्वस्त झालं, नवं ऑक्टोबर 1950 मध्ये उघडलं. मधली बहुतेक वर्षं त्यांनी लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, दालनात काढली. चार वर्षांचा करार करा, पण पुढे एकेक वर्ष वाढवण्याचा हक्क फक्त विधिमंडळाकडे ठेवा आणि वाढीव वर्षांचं भाडं आजच लिहून घ्या. मुदत संपत आली आणि छप्पर उघडं असलं की मालक म्हणेल तो दर द्यावा लागतो.

नव्या जागेला ठरावाने किंवा कायद्याने "सभागृहाचं आवार" घोषित करून घ्या, नाहीतर तिथले अध्यक्षांचे अधिकार आणि सदस्यांचे विशेषाधिकार यांवर पहिल्याच गोंधळात वाद होईल. पहिल्या अधिवेशनाच्या किमान तीन आठवडे आधी सगळ्या खुर्च्यांवर कर्मचारी बसवून पूर्ण दिवसाचं लटकं कामकाज चालवा. त्यात एक मतविभागणी घ्या आणि मध्येच मुख्य वीजपुरवठा तोडून बघा. जनरेटर भार घेईपर्यंत ध्वनिमुद्रण यूपीएसवर (बॅटरीवर) अखंड चाललं पाहिजे.