मदत हवी आहे: रंजक उडते, बार उडत नाही (चकमकीची बंदूक, पेनसिल्व्हेनिया)

सस्क्वेहानाकाठी
०.५० कॅलिबरची चकमकीची बंदूक. घोडा पडतो, ठिणग्या भरपूर, रंजक (नळीबाहेरच्या वाटीतली दारू) भक्कन पेटते आणि पुढे काहीच नाही, नळीतला बार तसाच. कालपासून तीनदा हेच. चकमक नवी आहे, तेव्हा 'चकमक बदला' कृपया सांगू नका. नाताळानंतरचा हरणाच्या शिकारीचा हंगाम जानेवारीच्या मध्यापर्यंतच आहे, लवकर सांगा.

ठासणीवाला
नळीत दारू कोणती, किती ग्रेन (दारूचं माप)? रंजक कोणती? काहीच लिहिलेलं नाही. काळ्या दारूऐवजी पायरोडेक्ससारखी बदली दारू भरली असेल तर शोध इथेच संपला. तिला पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीच्या बंदुकीत (घोड्याच्या ठोक्याने फुटणारी स्फोटक टोपी) टोपीचा झोत थेट आत जातो म्हणून ती पेटते, रंजकीच्या भडक्याने पेटत नाही.

लँकेस्टर_०५०
दारूचा दोष नाही. नळीचा कान (रंजकीची आग आत जाते ते भोक) लहान आहे. बहुतेक बंदुकांना १/१६ इंचाचा असतो. ५/६४ चं ड्रिल फिरवा, प्रश्न मिटला.

ठासणीवाला
@लँकेस्टर_०५० आधी कारण तरी कळू द्या. मोठं केलेलं भोक पुन्हा लहान होत नाही, सगळा लायनर (भोकाचा बसवलेला तुकडा) बदलावा लागतो. शिवाय दर बाराला कानातून जास्त वायू बाहेर फेकला जातो, शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर. चांगल्या बंदुका १/१६ वर वर्षानुवर्षं बिनचूक चालतात.

कोकणातला
टोपीची बंदूक घ्या. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका सगळ्या टोपीच्याच आहेत. पावसाळ्यातसुद्धा बार उडतो.

लँकेस्टर_०५०
@कोकणातला या हंगामात टोपी चालत नाही. १९७४ साली हा हंगाम सुरू झाला तो चकमकीसाठीच. टोपीवाल्यांना ऑक्टोबरचा हंगाम वेगळा आहे.

चौकस
भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. इथे वाचून कोणी गावाकडे प्रयोग करू नये.

सस्क्वेहानाकाठी
नळीत थ्री एफ (बारीक कणांची) काळी दारू, ८० ग्रेन. गोळी ०.४९० इंच, तिच्याभोवतीची चिंधी ०.०१५ इंच, चरबी लावलेली. रंजक फोर एफ (त्याहून बारीक), वाटी काठोकाठ. बार अजून नळीतच आहे! तो कसा काढू हेही सांगा.

दारूचं शिंग
बार कधी भरलात? रात्री बंदूक कुठे होती? नळीत तेल होतं का?

सस्क्वेहानाकाठी
परवा सकाळी भरला. दोन्ही रात्री बंदूक घरात, दाराजवळच्या कोपऱ्यात उभी. गाडीत नेताना रंजक काढतो, कायद्याप्रमाणे. हंगामाआधी नळीला आतून भरपूर तेल दिलं होतं, गंज चढू नये म्हणून. याचा काय संबंध?

दारूचं शिंग
सगळा संबंध तिथेच आहे. बंदूक तोंड वर करून उभी ठेवली की तेल ओघळून तळाशी जमतं, म्हणजे नेमकं कानामागे. त्यावर तुम्ही ८० ग्रेन ओतलेत. तळाची दारू तेल पिऊन बसली आहे. रंजकीचा भडका कानातून पोचतो, पण त्याच्यासमोर कोरडा कण नाही. दुसरं, बाहेर गोठणबिंदूखाली गारठलेली नळी गरम घरात आणली की तिच्यावर दव धरतं, आतूनही. बार भरलेला असेल तर रात्री बंदूक बाहेरच, बंद आणि थंड जागी राहू द्यावी.

आता बार काढणं. निर्जन जागी जा, समोर मातीचा बांध असू द्या. शेवटच्या वेळी घोडा पाडल्यावर मिनिटभर तरी नळीचं तोंड समोरच धरून थांबावं, कधी कधी बार उशिरा उडतो. मग:

गजाने गोळी पूर्ण तळाशी आहे ना ते बघा. दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूसुद्धा शकते. हे बघताना वाटी रिकामी, फ्रिझन (चकमक जिच्यावर घासते ती वाटीवरची पोलादी झडप) उघडी आणि घोडा खाली पाहिजे.

कानात बारीक तार घालून फिरवा. तारेच्या टोकाला काळपट, चिकट लगदा येईल. तो पुसून पुन्हा घाला, तार कोरडी निघेपर्यंत. मग त्याच कानातून फोर एफचे कण चिमटीचिमटीने आत सारा, तारेने ढकला. थोडेच जातील, तेवढे पुरतात. पुन्हा रंजक भरून उडवा. दोन-तीन वेळा करावं लागतं. तरीही उडाला नाही तर गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढा, पण त्याआधी कानातून पाणी सोडून दारू भिजवा.

ठासणीवाला
@दारूचं शिंग बरोबर. एक भर: वाटी काठोकाठ भरू नका. रंजक कानावर चढली की ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. निम्मी किंवा त्याहून कमी, कानाच्या पातळीखाली. भडका कानात शिरायला हवा.

लँकेस्टर_०५०
मी तरी ५/६४ च म्हणेन.

हरिणमटण
हरीण मिळालं तर लक्षात ठेवा, हरणांच्या रोगासाठी जाहीर झालेल्या रोगनियंत्रण क्षेत्रातून डोकं आणि कणा बाहेर न्यायला बंदी आहे. जागेवरच मांस सोडवून घ्या.

सस्क्वेहानाकाठी
तारेच्या टोकाला खरंच तपकिरी, तेलकट लगदा आला. दुसऱ्या प्रयत्नात बार उडाला. आता पुढचा बार भरण्याआधी काय करू?

दारूचं शिंग
नळीतून स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी फिरवा, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी बाहेर येईपर्यंत. फ्रिझन आणि चकमकीची धारही स्पिरिटने पुसा, बोटाच्या घामानेसुद्धा ठिणगी पडत नाही. मग बार न भरता नुसती रंजक दोनदा उडवा, कानातला ओलावा जळून जातो. दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत ओतू नका, आत निखारा असला तर शिंगच हातात फुटेल. मापातून ओता. गोळी तळाशी बसली की गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी बसलेली नाही. पाऊस-बर्फात घोड्यावर मेण लावलेल्या चामड्याचं झाकण घाला, आणि हवा दमट असेल तर रंजक थोड्याथोड्या वेळाने बदला, ती ओल ओढून चिखल होते.

सस्क्वेहानाकाठी
चकमकीची उतरती बाजू वर की खाली?

दारूचं शिंग
दोन्ही लावून बघा. घोडा अर्धा चढवून फ्रिझन बंद करा, धार फ्रिझनला जवळजवळ टेकलेली पण न अडणारी हवी. घोडा पडताना धार फ्रिझनच्या वरच्या एक तृतीयांश भागात लागून खाली घासत आली पाहिजे. ज्या बाजूने ठिणग्या वाटीच्या मधोमध पडतात ती तुमची. आणि चकमकीखाली चामड्याचा तुकडा आहे ना?