विद्यापीठाच्या कोणत्या विक्रीवर आणि सेवांवर जीएसटी लागतो?

लेखाशाखा सहायक
मी एका विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात काम करतो. गेल्या महिन्यात लेखापरीक्षकांनी आमच्या सभागृहाच्या भाड्यावर आक्षेप घेतला. एका खासगी कंपनीला सभागृह दोन दिवस दिले होते आणि पावतीवरचा कराचा रकाना कोराच होता. ‘शिक्षणाला कर नाही’ एवढ्यावरच आमच्याकडे आजवर भागत आले. परीक्षा शुल्क, स्थलांतर प्रमाणपत्र, प्रकाशने, बोधचिन्हाचे टी-शर्ट, उपाहारगृह, संलग्नता शुल्क आणि उद्योगांसाठी केलेल्या चाचण्या यांपैकी नेमके काय करपात्र आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त वित्ताधिकारी
जीएसटीच्या २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्र. १२/२०१७ मधील नोंद ६६ समोर ठेवा. कायद्याने मान्य असलेल्या पात्रतेचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने आपले विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांना दिलेल्या सेवा तिच्यामुळे करमुक्त ठरतात. म्हणून प्रत्येक पावती हातात घेऊन पैसे कोणी भरले आणि कशासाठी भरले, एवढे पाहावे. परीक्षा शुल्क आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहाचे शुल्क करमुक्त आहे. स्थलांतर प्रमाणपत्र मागणारा विद्यार्थी संस्था सोडून चाललेला असल्यामुळे त्याच्या शुल्काबद्दल शंका घेतली जात असे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने तेही करमुक्त असल्याचे स्पष्ट केले. आपल्या सभागृहाचे भाडे मात्र कंपनीने भरले आहे, त्यामुळे त्यावर १८ टक्के कर लागतो. आवारातील बँकेचे भाडे, मोबाइल मनोऱ्यासाठी दिलेली जागा, उद्योगांसाठीच्या चाचण्या आणि सल्लासेवा यांनाही हाच दर आहे.

कर सल्लागार
वरील उत्तर अचूक आहे. त्यात एक भर घालतो. नोंद ६६ फक्त सेवांसाठी आहे, वस्तूंना ती लागू नाही. छापील पुस्तकांवर कर शून्य आहे, पण बोधचिन्हाचा टी-शर्ट आपल्याच विद्यार्थ्याने घेतला तरी तो करपात्रच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के दर आहे. जुने संगणक आणि लाकडी सामान भंगारात काढतानाही कर विसरू नये. उपाहारगृह विद्यापीठ स्वतः चालवत असेल, तर विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना दिलेले जेवण करमुक्त आहे, पण तेच जेवण कंत्राटदार देत असेल, तर त्यावर ५ टक्के कर लागतो.

खरा वाद संलग्नता शुल्काचा, म्हणजे विद्यापीठाशी जोडलेले राहण्यासाठी भरायच्या शुल्काचा आहे. ते महाविद्यालय भरते, विद्यार्थी नव्हे, म्हणून ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने ते १८ टक्के दराने करपात्र ठरवले. मात्र एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. आपल्या विद्यापीठाने या शुल्काबाबतचा निर्णय कार्यालयीन टिपणीवर न सोडता लेखी कायदेशीर मत घेऊनच करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण मागील वर्षांच्या कराची मागणी व्याजासह आली, तर तो बोजा शेवटी महाविद्यालयांवर आणि त्यांच्यामार्फत विद्यार्थ्यांवरच जाण्याची भीती आहे.

लेखाशाखा सहायक
आपणा दोघांचे मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. आमचे सभागृहाचे वार्षिक भाडे जेमतेम तीन लाख रुपये आहे आणि आम्ही अजून जीएसटीची नोंदणी केलेली नाही. नोंदणीची मर्यादा वीस लाखांची असल्यामुळे आम्ही तिच्या आतच आहोत ना?

कर सल्लागार
नाही, आणि नेमकी इथेच अनेक संस्थांची गफलत होते. मर्यादा मोजताना एकाच पॅनखालील करमुक्त उलाढालही धरली जाते, त्यामुळे परीक्षा व शिक्षण शुल्काच्या कोट्यवधी रुपयांतच वीस लाख कधीच ओलांडले गेलेले असतात. केवळ करमुक्त पुरवठा करणाऱ्याला नोंदणी लागत नाही, पण आपल्याकडे सभागृहाचे करपात्र भाडे आहे, म्हणून ते तीन लाखच असले तरी नोंदणी आवश्यक आहे. या आठवड्यातच अर्ज करा आणि सभागृहासाठी वेगळे पावतीपुस्तक सुरू करा.