चाचा रामगुलाम: चागोसचं पाप त्यांच्याच माथी का?

गोदीवाला

चागोस म्हणजे हिंदी महासागरातली बेटं. मॉरिशस ब्रिटिश वसाहत असताना ब्रिटनने १९६५ साली ती मॉरिशसपासून तोडली, आणि त्यातल्या दिएगो गार्सियावर पुढे अमेरिकेचा लष्करी तळ झाला. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात या बेटांचा करार झाला, तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतंय: "शिवसागर रामगुलामांनी १९६५ साली बेटं विकली आणि बदल्यात स्वातंत्र्य घेतलं." मला हे अर्धवट वाटतं. या माणसाचा हिशेब मांडायचाच तर नीट मांडू.

आधी माणूस. जन्म १९०० सालचा, बेल रिव्हचा. वडील बिहारहून उसाच्या मळ्यावर आलेले, ते लवकर गेले. लहानपणी गोठ्यात अपघात होऊन एक डोळा गेला. तरी गडी १९२१ साली डॉक्टरकी शिकायला लंडनला गेला आणि चौदा वर्षांनी परतला. १९४० पासून कायदेमंडळात, १९६१ ला मुख्यमंत्री, १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान. ही तारीख दांडीयात्रेची म्हणून मुद्दाम धरलेली. लोक त्यांना 'चाचा' म्हणत.

आता चागोस. २३ सप्टेंबर १९६५ ला सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांनी लंडन परिषदेला आलेल्या रामगुलामांना एकट्याला भेटायला बोलावलं. त्या भेटीआधी विल्सन यांच्या हाती दिलेलं टिपण पुढे बाहेर आलं. त्याचा मथितार्थ असा: याला आशा दाखवूनच घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबद्दल शहाणपणा दाखवला नाही तर मिळणार नाही ही भीती. शिवाय संमती नसली तरी हुकूम काढून बेटं तोडता येतात, हेही त्याच कागदावर. समोरच्याच्या हातात असं पिस्तूल असताना तुम्ही मान डोलावलीत तर त्याला विक्री म्हणायची? २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १३ विरुद्ध १ मताने सांगितलं की ही तोडणी बेकायदा होती, त्यात लोकांची खरी इच्छा नव्हतीच.

माझा रोख वेगळ्या गोष्टीकडे आहे. जानेवारी १९७५ मध्ये नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, त्याचे प्रमुख पाहुणे हेच रामगुलाम. तेव्हा त्यांच्या देशात सार्वत्रिक निवडणूक होऊन सात वर्षं उलटली होती. १९७२ ला व्हायची ती निवडणूक त्यांनी १९७६ वर ढकलली. ते करायला कुठला विल्सन आला नव्हता.

तळकोकणी

पहिल्या अर्ध्या भागाशी साफ असहमत. पिस्तूलबिस्तूल ठीक आहे, पण पिस्तूल रोखलेला माणूस भावताव करत बसतो का? तीस लाख पौंड ठरले, त्याशिवाय मासेमारीचे हक्क, गरज संपली की बेटं परत, वगैरे वगैरे. आणि गंमत बघा, सरकारात सामील असलेले त्यांचे विरोधक, म्हणजे गाएतां ड्युव्हालच्या पक्षाचे लोक, त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारातून बाहेर पडले ते कशावरून? अमेरिकेने तळ बांधू नये म्हणून नव्हे. किंमत कमी मिळाली म्हणून! म्हणजे दोन्हीकडचे पुढारी दराबद्दलच बोलत होते. ज्यांची घरं जाणार होती त्या चागोशीयनांपैकी एकही माणूस खोलीत नव्हता.

बरं, १९६५ ला घाबरले, मान्य करू. नंतर? १९६८ ते १९७३ मध्ये दीड-दोन हजार माणसं दिएगो गार्सिया, पेरोस बान्होस, सालोमॉनहून हलवली. दिएगो गार्सियावरची पाळलेली कुत्री गॅस सोडून मारली. शेवटच्या खेपांपैकी एक नॉर्डव्हेर नावाच्या बोटीने मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला आली, तेव्हा त्या लोकांनी उतरायलाच नकार दिला. जायचं कुठे, ठिकाणाच नव्हता. पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये साडेसहा लाख पौंड कबूल केले, ते मॉरिशस सरकारकडे आले आणि वाटले कधी? १९७७-७८ मध्ये. तोवर भाव कुठल्या कुठे गेले होते. झोपडपट्टीत कर्जबाजारी झालेली माणसं आणि तिजोरीत त्यांचा पैसा. इथे तर बंदूक लंडनच्या हातात नव्हती ना? या पाच-सहा वर्षांचा जाब चाचांना विचारायचा नाही तर कुणाला?

गोदीवाला

साडेसहा लाखांचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर मी चाचांची वकिली करणार नाही. पण तो कारभाराचा गुन्हा झाला. 'बेटं विकली' हा आरोप वेगळा. दोन्ही एका पोत्यात घालू नका. नाहीतर ब्रिटन अलगद सुटतं.

शेवंती

मला वाटतं दोघेही १९६८ चं मॉरिशस विसरताय.

१९६७ च्या निवडणुकीत रामगुलामांच्या स्वातंत्र्य आघाडीला निवडून आलेल्या ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, पण साधारण ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या ड्युव्हालच्या पक्षाला होती. इतकी माणसं 'इंग्रज राहू दे' म्हणत असताना झेंडा चढवायचा होता. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल (आफ्रिकी किंवा मिश्र वंशाचे लोक) आणि मुसलमान यांच्यात दंगे झाले, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले, लोक मोहल्ले सोडून गेले. स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने उरलेले! अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालातच म्हटलं होतं की या बेटाचं भवितव्य काही बरं दिसत नाही. लोकसंख्या भसाभस वाढतेय, आणि पीक एकच, ऊस.

अशा वेळी रामगुलामांनी काय केलं? ज्या ड्युव्हालने त्यांना पाण्यात पाहिलं, त्यालाच १९६९ मध्ये मंत्रिमंडळात घेऊन परराष्ट्र खातं दिलं. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला, पुढे कपड्यांचे कारखाने उभे राहिले. १९७५ मध्ये युरोपशी साखरेचा करार झाला, दरसाल सुमारे पाच लाख टन हमीभावाने. आज मॉरिशसची जी वाहवा होते त्याचा पाया यात आहे. फिजीत भारतीय वंशाच्या लोकांचं वजन असलेली सरकारं १९८७ आणि २००० मध्ये कशी उलथवली ते आठवा. मॉरिशसमध्ये तसलं काही झालं नाही, ते आपसूक नाही. निवडणूक चार वर्षं पुढे गेली ती या समेटाची किंमत होती. महाग होती, पण घर जळण्यापेक्षा बरी.

विळाकोयता

शेवंतीताई, समेटाची किंमत म्हणताय, पण ती भरली कुणी? समेट करणाऱ्या दोघांच्या खिशातून तर एक पैसा गेला नाही. दोघंही सत्तेत बसले.

तारखा एका ओळीत लावून बघा. निवडणूक पुढे ढकलायचं ठरलं १९६९ च्या शेवटी, ड्युव्हालला आत घेताना. गोदी कामगारांचा मोठा संप झाला १९७१ मध्ये. म्हणजे "संपामुळे, अराजकामुळे निवडणूक टाळली" हे पुढे सांगितलं जाणारं कारण दोन वर्षांनी जन्माला आलं! खरं कारण त्रिओलेत सापडतं. सप्टेंबर १९७० ला तिथे पोटनिवडणूक झाली. हा खुद्द चाचांचा मतदारसंघ. एम.एम.एम. हा डाव्यांचा नवा पक्ष जेमतेम वर्षाचा. त्यांचा देव विरासामी सरकारी उमेदवाराला धूळ चारून निवडून आला. त्यानंतर काय झालं? पुढे पोटनिवडणुकाच बंद करून टाकल्या. पराभवावर इतका साधा उपाय मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, एम.एम.एम.चे नेते पॉल बेरांजे आणि साथीदार विनाचौकशी तुरुंगात. आणि १९७३ मध्ये याच माणसाला संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार! बेटं रिकामी करायचं काम त्याच वर्षी पुरं होत होतं. असला विनोद पुरस्कार देणाऱ्यांनाच सुचतो.

'राष्ट्रपिता' हेही जरा जपून वापरा. चाचांचा मजूर पक्ष काढला मॉरिस क्युरे यांनी, १९३६ मध्ये. मळ्यांवर संप झाले, १९४३ ला बेल व्यूला गोळीबार झाला, गरोदर अंजले कुपेन मेली, तेव्हा आपले डॉक्टरसाहेब गव्हर्नरने नेमलेले सभासद म्हणून कौन्सिलात बसत होते. बैठकांमधून लोकांना सही शिकवली समाजसुधारक बसदेव बिसुनदयालांच्या माणसांनी. थोडंफार लिहिता येणाऱ्यालाच मत होतं. म्हणून १९४८ च्या निवडणुकीत मजुरांची मतं पडली. पीक दुसऱ्यांनी पेरलं.

शेवंती

पेरणाऱ्याला कापणी जमतेच असं नाही. क्युरेंना किंवा बिसुनदयालांना सगळ्या जमातींची मोट बांधता आली नाही, रामगुलामांना आली. आणि हुकूमशहा म्हणायचं तर एक सांगा. डिसेंबर १९७६ ला निवडणूक झाली की नाही? १९८२ ला एम.एम.एम. आघाडीने मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. खुद्द चाचा त्रिओलेत पडले. ब्याऐंशीव्या वर्षी गपचूप घरी गेले. आफ्रिकेत त्या काळी किती पंतप्रधान मतदानाने घरी गेले ते मोजून बघा. ज्या अनिरुद्ध जगन्नाथांनी त्यांना हरवलं, त्यांनीच पुढे त्यांना गव्हर्नर जनरल केलं.

क्यात्रबोर्नची माई

मी इथेच, मॉरिशसमध्ये जन्मले, मराठी आमच्या घरात चालतं, आमची मुळं रत्नागिरीकडची. तुमची चर्चा वाचून लिहावंसं वाटलं.

इथे एक रुपयाचं नाणं हातात घेतलं की त्यावर चाचा. विमानतळ त्यांच्या नावाचा, पांपलमूसची बाग त्यांच्या नावाची. त्यामुळे आमच्यासारख्यांना त्यांच्याकडे नुसतं ऐतिहासिक व्यक्ती म्हणून बघता येत नाही. माझी आई उसाच्या मळ्यातल्या मजुराची मुलगी. जानेवारी १९७७ पासून माध्यमिक शाळेची फी गेली म्हणून ती शिकली. आधी आजोबांनी मोठ्या मुलाचीच फी भरली होती, मुलींसाठी उरायचं नाही. आमच्या घरात चाचांचा फोटो आहे तो यासाठी. चागोसचं विचाराल तर आई गप्प बसते. रोश ब्वा भागातल्या चागोशीयन बायका बाजारात भेटतात, त्यांच्या घरात तो फोटो नाही. मी दोन्हीकडे चहा घेते. बाकी तुम्ही भांडा दादा.

विळाकोयता

माई, तुमच्या आईबद्दल आनंदच आहे. पण ती फी चाचांच्या दयेने गेली असं म्हणू नका. मे १९७५ मध्ये हजारो विद्यार्थी पोर्ट लुईकडे चालत निघाले होते, ग्रँड रिव्हरच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, अश्रुधूर सोडला. त्या पोरांनी सरकारला घाम फोडला. मग मतदानाचं वय अठरावर आलं, आणि निवडणुकीच्या तोंडावर मोफत शिक्षणाची घोषणा झाली. त्या निवडणुकीतला निकाल तर बघा: एम.एम.एम. ३४, रामगुलामांची आघाडी २८, ड्युव्हाल ८. पहिला नंबर आलेला पक्ष बाहेर, आणि २८ अधिक ८ करून चाचा पुन्हा खुर्चीत. शेवंतीताई म्हणतात निवडणूक झाली. झाली, पण जिंकली कुणी आणि राज्य कुणी केलं?

शेवंती

७० जागांच्या सभागृहात ३६ म्हणजे बहुमत. आपल्याकडे याला आघाडी सरकार म्हणतात. महाराष्ट्रात राहून तुम्हाला याचं आश्चर्य वाटतंय? :)

विळाकोयता

आश्चर्य नाही, सवय झालीय. म्हणून ते चांगलं ठरत नाही.

तळकोकणी

माईंचा प्रतिसाद वाचून माझा मूळ मुद्दा परत मांडतो, कारण तो सत्तरच्या दशकातच राहिलाय असं होतंय. मे २०२५ चा करार बघा. बेटांवर सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनकडे भाड्याने, सरासरी दरसाल सुमारे १० कोटी १० लाख पौंड. करार झाला तेव्हा मॉरिशसचे पंतप्रधान कोण? नवीनचंद्र रामगुलाम, चाचांचेच चिरंजीव. आणि वाटाघाटींच्या टेबलावर चागोशीयन? या वेळीही नाहीत. दिएगो गार्सियावर त्यांना राहायला जाता येणार नाही, तळ तसाच राहणार.

गोदीवाला म्हणतात हेगच्या निकालाने चाचा निर्दोष ठरले. निकाल नीट वाचा. न्यायालयाने दोष ब्रिटनला दिला, रामगुलामांना प्रमाणपत्र दिलं नाही. लोकांच्या इच्छेविना झालं असं म्हटलंय, आणि त्या लोकांत बेटांवरचे लोकही येतातच. २०१८ मध्ये हेगला मॉरिशसतर्फे उभे राहिले अनिरुद्ध जगन्नाथ, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, १९६५ च्या लंडन परिषदेला हजर असलेले. ते बोलले दबावाबद्दल, आणि खरंच बोलले. पण साडेसहा लाख पौंड पाच वर्षं तिजोरीत का पडून होते, ही चौकशी हेगला होणार नव्हती. ती पोर्ट लुईत व्हायला हवी.

गोदीवाला

तळकोकणी, 'निर्दोष' हा शब्द माझा नाही, वर जाऊन बघा. पैशाच्या चौकशीवर तुमच्या मागे मी उभा आहे. पण नवीनबाबूंचं २०२५ चं खातं वडिलांच्या नावावर नका चढवू. ते जिवंत आहेत, विरोधक आहेत, संसद आहे, त्यांना विचारा. वडिलांच्या नावावर त्रिओले, पोटनिवडणुका, बेरांजेचा तुरुंग आणि ही तिजोरी एवढं पुरे आहे. विळाकोयता, १९६९ ची तारीख माझ्या मांडणीत हवी होती. तुम्ही ती आणलीत हे बरं झालं. आता त्या समेटाच्या वेळी मजूर पक्षातून विरोध कुणी केला, यावर कुणाकडे काही वाचलेलं असेल तर टाका.